माळावरची माळ



आज एका झुडपाची गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी अशा ठिकाणी बसून सांगते आहे जिथे ते झुडूप उगवतच नाही.

मी राहते दूधविनायकात. काशीच्या पक्क्या महालातला हा मोहल्ला. समोरून सांड आला तर माणसाने भिंतीला चिकटून उभं राहावं, अशा आमच्या गल्ल्या. खाली उतरलं की दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा. या सगळ्या भागात कित्येक पिढ्यांपासून मराठी घरं आहेत. नवरात्रात दुसऱ्या दिवशी दुर्गाघाटावरच्या ब्रह्मचारिणीच्या दर्शनाला गर्दी लोटते, आणि त्याच वेळी आमच्या घरात देवघरासमोर घट बसलेला असतो. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात पेरलेलं धान्य, मधोमध पाण्याचा घट आणि वरून सोडलेली फुलांची माळ.

मराठी घरात नवरात्राचे दिवस तिथीने मोजत नाहीत, माळेने मोजतात. "आज कितवी माळ?" असं विचारतात. आमच्याकडे हा प्रश्न रोज सकाळी आजी विचारायची, आणि उत्तर मिळालं की माळेकडे बघून म्हणायची, "हूं. झेंडूचीच ना?"

ती माळ बांसफाटकाच्या फूलमंडीतून आलेल्या गेंद्याची असायची. ताजी, टपोरी, केशरी. आम्हा मुलांना कळायचं नाही की आजीला तिच्यात खोट कसली दिसते. एकदा मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "खोट नाही गं. पण घटाला तरवड लागतो."

आजीचं माहेर इंदापूर तालुक्यातलं. तिकडे घटस्थापनेच्या सकाळी पोरं माळावर जायची आणि ओचे भरून पिवळी फुलं आणायची. ती विकत मिळत नसत, कारण विकत घ्यायची कुणाला गरजच नव्हती. माळावरून माळ यायची. आजीला या शब्दांची मोठी गंमत वाटायची. "तो माळ आणि ती माळ," ती म्हणायची, "दोन्ही तिकडेच राहिले."

तरवड हा शब्द मी असा पहिल्यांदा ऐकला. झुडूप बघायला पुढे बरीच वर्षं गेली.

मध्ये एकदा आम्ही तो काशीत लावूनही पाहिला. गावाकडून कुणीतरी शेंगा आणल्या होत्या. गच्चीवर कुंडीत बी टाकलं, उगवलंही. गुडघाभर झालं. मग श्रावण आला, घाटाकडून आणलेली ती गाळाची माती पाणी धरून बसली, आणि मुळं कुजली. उरलेल्या काड्या माकडांनी उपटल्या. आजीने कुंडी पाहिली आणि एवढंच म्हणाली, "त्याला इतकं पाणी नको असतं."

किती नेमकं बोलली होती, ते मला नंतर कळलं. वाराणसीत वर्षाला 1000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इंदापूरच्या पट्ट्यात साधारण त्याच्या निम्मा. आमच्या पायाखाली गंगेने हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ आहे. घाटांचा दगडसुद्धा इथला नाही, तो चुनारहून नावेने आलेला. तरवडाला हवा मुरूम, उतार, कडक ऊन आणि लवकर निथळून जाणारं पाणी. या गोष्टी नावेतून येत नाहीत.

आता आम्ही मराठी माणसांनी काशीला काय काय आणलं, ते आठवून बघा. सोळाव्या शतकात पैठणहून एक भट्ट घराणं इथे आलं. त्यातले नारायण भट्ट विश्वनाथाच्या मंदिराच्या उभारणीशी जोडले गेले, आणि त्यांचे पणतू गागाभट्ट 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला गेले. पैठणच्याच एकनाथांनी आपलं भागवत 1573 साली याच काशीत पूर्ण केलं. पुढे अहिल्याबाई होळकरांनी 1780 च्या सुमारास विश्वनाथाचं आजचं मंदिर बांधलं. शिंदे, भोसले, पेशवे यांचे घाट आणि वाडे उभे राहिले. माणसं आली, पोथ्या आल्या, टाकातले देव आले, पुरणपोळी आली. पण ज्या भूमीवरून हे सगळे आले, ती भूमी आली नाही. आणि जे तिच्याशिवाय जगत नाही, तेही आलं नाही. काशीतली माझी झेंडूची माळ ही त्या न आलेल्या गोष्टीची जागा भरून काढते.

तर आधी या झुडपाची ओळख करून घेऊ.

तरवड हा शेंगा धरणाऱ्या कुळातला. तूर, हरभरा, बाभूळ, पळस, आपटा आणि शमी याच कुळातले. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. लिनियसने 1753 साली त्याला कॅसिया ऑरिक्युलाटा म्हटलं होतं, आणि जुन्या पुस्तकांत ते तसंच सापडेल. ऑरिक्युलाटा म्हणजे कानवाला. पानाच्या देठापाशी दोन्ही बाजूंना गोलसर उपपर्णं असतात, अगदी कानाच्या पाळीसारखी. झुडूप ओळखायची ही सोपी खूण. उंची साधारण माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंत, क्वचित थोडी जास्त. फुलं हळदीसारखी पिवळी, पाच पाकळ्यांची, पाकळ्यांच्या कडा चुरगळल्यासारख्या. शेंगा चपट्या आणि कागदासारख्या पातळ, वाळल्या की वाऱ्यावर खुळखुळतात.

या फुलात मध नसतो, परागच असतो, आणि तोही सहजासहजी हाती लागत नाही. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. त्या थरथरीने मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग बाहेर पडतो. तरवडापाशी शांत उभं राहिलात तर ही वेगळी गुणगुण ऐकू येते. फिकट पिवळसर-पांढरी फुलपाखरंही त्याच्या पानांवर अंडी घालायला येतात. इंग्रजीत त्यांच्या नावाचा अर्थ 'देशांतर करणारे' असा आहे. मला ते नाव फार आवडतं, का ते तुम्हाला कळलंच असेल.

आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून गवत संपलं, शेळ्यांनी बाकी सगळं ओरबाडलं, तरी माळावर तरवड उभा असतो. फुलतो कधी? वर्षात बऱ्याच वेळा, पण भर येतो पाऊस ओसरताना, भाद्रपद-आश्विनात. नेमका घट बसायच्या वेळी.

मला वाटायचं, हे आपलं दख्खनचं झुडूप. शोधत गेले तर कळलं की ते अनेकांचं आहे.

राजस्थानात त्याला आँवल म्हणतात. तिथल्या इतिहासात 'आँवल-बाँवल की संधि' म्हणून एक तह सांगतात. पंधराव्या शतकात, 1453 च्या सुमारास, मेवाडचा राणा कुंभा आणि मारवाडचा राव जोधा यांच्यात सरहद्द ठरायची होती. ठरलं असं, की जिथपर्यंत आँवल उगवतो तो मेवाड, आणि जिथे बाभूळ सुरू होते तो मारवाड. किती शहाणपणाची रेघ आहे बघा! दगड हलवता येतो, खांब उपटता येतो, पण माती आणि पाऊस यांनी मिळून घातलेली हद्द रात्रीतून सरकवता येत नाही. ज्या लोकांनी ही रेघ मान्य केली, त्यांना कुठलं झुडूप कुठल्या जमिनीत येतं हे ठाऊक होतं, इतकं की त्यावर दोन राज्यांची हद्द टाकावी.

खाली तमिळ देशात तो आविरै किंवा आवारम. दोन हजार वर्षांच्या आसपासच्या संगम काव्यात एक प्रथा येते. प्रेमात झिडकारला गेलेला तरुण ताडाच्या देठांचा घोडा करून त्यावर बसतो, भर गावातून जातो, आणि त्याच्या गळ्यात आविरैच्या फुलांची माळ असते. आजही तमिळमध्ये एक म्हण आहे, की आवारम फुललेला असताना कुणी मेलेलं पाहिलंय का, अशा अर्थाची. औषध म्हणून त्याचा एवढा मान.

आणि शेजारच्या तेलंगणात तो तंगेडु. नवरात्रात तिकडे बतुकम्मा असते. बायका फुलांची उतरंड रचतात, भोवती फेर धरतात, आणि त्या उतरंडीत तंगेडुची पिवळी फुलं मानाची असतात. 2014 साली तेलंगण राज्य झालं, त्याच वर्षी सरकारने राज्याची प्रतीकं ठरवली. राज्यवृक्ष म्हणून शमी, आणि राज्यपुष्प म्हणून हा तरवड. किनवट, देगलूर, आदिलाबाद, निजामाबाद या पट्ट्यातल्या श्रोत्यांनी दोन्ही सण पाहिले असतील. एकाच पंधरवड्यात, एकाच प्रकारच्या माळावरून खुडलेलं एकच फूल, इकडे घटावर आणि तिकडे बतुकम्मावर.

इथपर्यंत गोष्ट फुलांची झाली. पण जुन्या व्यवहारात तरवडाची किंमत फुलामुळे नव्हती, सालीमुळे होती. इंग्रजीत त्याचं एक नाव 'टॅनर्स कॅसिया' असं आहे, म्हणजे कातडी कमावणाऱ्यांचा तरवड.

कच्चं कातडं ओलं राहिलं तर सडतं, वाळलं तर लाकडासारखं कडक होतं. झाडांच्या सालीत टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. तो कातड्यातल्या प्रथिनाच्या धाग्यांना घट्ट धरतो, मग कातडं सडत नाही आणि लवचिक राहतं. तरवडाच्या सालीत हा पदार्थ भरपूर. फांद्या तोडायच्या, साल सोलायची, वाळवून कुटायची, पाण्यात घालायची आणि चुन्यातून काढलेली कातडी त्यात दिवसचे दिवस मुरवायची. बाभळीच्या सालीने कातडं गडद होतं, तरवडाने फिकट आणि मऊ. मद्रास इलाख्यात तर यावर मोठा व्यापार उभा होता. आवारमच्या सालीने कमावलेली अर्धी तयार कातडी 'ईस्ट इंडिया किप्स' या नावाने एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बाजारात जायची. पुढे क्रोम पद्धत आली, दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या झाडाची साल येऊ लागली, आणि आवारम मागे पडला.

आपल्याकडे हे काम ढोर समाजाचं. बसवेश्वरांच्या शरणांमध्ये कक्कय्यांचं नाव आहे, ते याच समाजाचे. आणि कातडं म्हणजे केवळ चपला नव्हेत. डिझेलचं इंजिन आणि विजेची मोटर येण्याआधी दख्खनची शेती विहिरीतून कशावर भिजत होती? मोटेवर. आणि मोट कशाची होती? कातड्याची. विहिरीत उतरणारी, भरून वर येणारी, बैलाच्या ताणाने थारोळ्यात रिकामी होणारी ती मोट कुणीतरी कमावलेल्या कातड्याची असायची. त्या कातड्याला बाभळीची, हिरड्याची, तरवडाची तुरटी लागायची.

हे मला कळलं तेव्हा मी जरा गप्प झाले. कारण मी ज्या घरात वाढले तिथे चामड्याची वस्तू देवघराच्या जवळपास नेलेली चालत नसे. आणि त्याच देवघरात आजी तरवडाची आठवण काढत होती. एकाच झुडपाचं फूल देवीपुढे, आणि त्याचीच साल गावाबाहेरच्या कुंडात. फूल खुडणाऱ्या हातांना सोवळं मिळालं, साल कुटणाऱ्या हातांना विटाळ. माळावर मात्र दोघंही एकाच झुडपापाशी जात होते. तरवडाचा इतिहास सांगताना नुसती घटाची माळ सांगितली, तर ती अर्धी गोष्ट होईल.

आता पुन्हा आजीच्या माहेरी जाऊ. कारण या झुडपाचं जे पुढे झालं, त्याची एक सुरुवात योगायोगाने तिथेच आहे.

पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी दख्खनमध्ये जमिनीचा सारा ठरवायला घेतला. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केलेली पहिली मोजणी फसली. सारा इतका जड झाला की लोक शेतं सोडून गेले. मग 1836 साली इंदापूर तालुक्यात नव्याने बंदोबस्त झाला. तो केला गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी. त्यांनी मातीचा रंग आणि खोली बघून तिचे नऊ वर्ग पाडले, आण्यांमध्ये प्रत ठरवली. खोल काळी माती वर, मुरमाड उथळ माती खाली. हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. आपल्या सातबाऱ्याची मुळं त्या मोजणीपर्यंत पोहोचतात.

सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना त्यातला एक शब्द माहीत असेल. 'पोटखराब'. शेताच्या पोटातली लागवडीला न येणारी जमीन, म्हणजे खडक, ओघळ, मुरमाचा उंचवटा. त्यावर सारा नाही. हा शब्द शेतकऱ्याच्या विरोधातला नव्हता, हे लक्षात घ्या. ज्यातून पीक निघत नाही त्याचा सारा देऊ नये, इतका सरळ न्याय त्यात होता. घोळ नंतर झाला. 'सारा नाही' याचा अर्थ हळूहळू 'किंमत नाही' असा झाला. सरकारी भाषेत माळ 'पडीक' झाला. 2000 साली भारत सरकारने देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढला, त्यात झुडपांच्या जमिनी हा एक वर्गच आहे. म्हणजे तरवड जिथे राजासारखा उभा आहे, ती जागा कागदावर वाया गेलेली.

आणि वाया गेलेली जमीन दिसली की तिचं काहीतरी 'बरं' करावंसं वाटतं. तिथे झाडं लावली जातात. कोणती? गिरिपुष्प, सुबाभूळ, वेडी बाभूळ. गंमत म्हणजे ही तिन्ही तरवडाच्याच कुळातली, पण अमेरिका खंडातून आलेली. भराभर वाढतात, हिरवी दिसतात, फोटोत छान येतात. त्यांच्या सावलीत गवत जातं. गवत गेलं की चिंकारा जातो, लांडगा जातो, धाविक जातो. सोलापूरजवळ नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज माळढोक महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासाच झाला आहे. ज्याच्या नावातच माळ आहे, त्याला माळ उरला नाही.

यावर एक प्रश्न हमखास येतो. "अहो, पण इथे पूर्वी घनदाट जंगल होतं ना? ते तोडलं म्हणून माळ झाला. मग पुन्हा झाडं लावली तर काय बिघडलं?"

मीही बरीच वर्षं हेच मानत होते. पण याचं उत्तर शोधायला अभ्यासकांनी कुठे पाहिलं माहितीये? मराठीत. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा, ओव्या, चरित्रं, स्थळपुराणं चाळली, आणि त्यांत कोणत्या रानवनस्पतींची नावं येतात ते पाहिलं. 2025 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीसहून जास्त वनस्पती निघाल्या, आणि त्यातल्या बहुतेक माळरानाच्या. हिवर, तरटी, बाभूळ, पळस, तरवड. घनदाट अरण्यातली झाडं थोडी. म्हणजे चक्रधरस्वामी गोदावरीकाठी हिंडत होते, धनगर बिरोबाच्या आणि धुळोबाच्या ओव्या गात होते, तेव्हाही दख्खनचा पूर्व भाग मोकळा, गवताचा, विखुरलेल्या झाडाझुडपांचाच होता. माळ म्हणजे मेलेलं जंगल नाही. ती स्वतःच एक जुनी, जिवंत भूमी आहे, आणि तिची साक्ष आपल्याच भाषेने सांभाळून ठेवली आहे.

गावांच्या नावांतही ती साक्ष ऐकू येते. नेवासे तालुक्यात तरवडी नावाचं गाव आहे. सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी 1910 साली सुरू केलेलं 'दीनमित्र' हे वृत्तपत्र याच तरवडीतून कित्येक वर्षं निघत होतं. खेड्यातल्या शेतकऱ्याचं म्हणणं मांडणारं पत्र, आणि गावाच्या नावात माळावरचं झुडूप. मला हे शोभून दिसतं.

आता शेवटचं, आणि हे जरा घरातलं आहे.

आजीच्या वडिलांनी तिच्या नावावर थोडी जमीन ठेवली होती. ती आधी बाबांकडे आणि मग माझ्याकडे आली. वाटा म्हणावा तर हातरुमालाएवढा, आणि त्यातही बराचसा पोटखराब वर्ग 'अ'. काही वर्षांपूर्वी अण्णाकाकांचा फोन आला. अण्णाकाका म्हणजे बाबांचे मामेभाऊ, जमीन तेच बघतात. ते म्हणाले, "जेसीबी लावून तो उंचवटा सपाट करू. वरून गाळ टाकू. ऊस होईल. तुझी सही लागंल."

मी गेले. भाद्रपदाचे शेवटचे दिवस होते. आणि त्या उंचवट्यावर, ज्याला कागद पोटखराब म्हणतो, तिथे मी आयुष्यात पहिल्यांदा तरवड फुललेला पाहिला. एक नाही, सबंध उतारभर. भुंग्यांची ती थरथरणारी गुणगुण चालू होती. मी एक फूल खुडलं आणि ते हातात घेऊन मला काही सुचेना, कारण ते दाखवायचं जिला होतं ती राहिली नव्हती.

मी अण्णाकाकांना म्हटलं, "हे राहू द्या ना."

ते हसले. "अगं पोरी, फुलं बघून पोट भरतं का? तू काशीला ऱ्हातीस. इथली उधारी मी फेडतो."

मंडळी, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही पूर्ण नाही. उजनी धरण झाल्यापासून त्या भागाने ऊस पाहिला, पक्की घरं पाहिली, शिकलेली पोरं पाहिली. ज्याने कोरडा दुष्काळ भोगलाय त्याला माळाचं सौंदर्य शिकवायला मी कोण? दूरच्या माणसाला आठवण जपायची असते, जवळच्याला घर चालवायचं असतं. यात जवळच्याचं म्हणणं आधी ऐकायला हवं.

त्या रात्री आम्ही बराच वेळ बोललो. काकू मध्येच म्हणाल्या, "घटाला यंदा आपणबी झेंडूच आणलाय की बाजारातनं. पोरं जात न्हाईत माळावर." अण्णाकाका यावर काही बोलले नाहीत, पण सकाळी स्वतःच मला उंचवट्यावर घेऊन गेले. खालचा पट्टा सपाट करायचा ठरला. वरचा, खडकाळ आणि ओघळीकडचा, तसाच ठेवायचा. तिथे जेसीबीचं डिझेलसुद्धा वसूल झालं नसतं, हेही खरं. मी सही केली. अर्धा माळ गेला, अर्धा राहिला. हा मोठा विजय नाही, हे मला कळतं.

पण काकूंचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. झेंडू मुळात मेक्सिकोकडचा. सोळाव्या शतकानंतर, पोर्तुगीजांच्या मार्गाने तो इकडे आला असं मानतात. आज तो आपलाच झाला आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. आम्ही काशीत झेंडूची माळ बांधली, कारण आमच्याकडे माळ नव्हता. पण इंदापुरातल्या घरीही झेंडूचीच माळ बांधायची वेळ आली, तर त्याचा अर्थ वेगळा होतो. काशीची मराठी माणसं गाव सोडून परकी झाली. तिकडची माणसं गाव न सोडता तशीच होतील. पायाखालची जमीनच निघून गेली की घरी बसल्या बसल्या देशांतर घडतं.

हल्ली थोडं बरंही ऐकू येतं. पुण्याच्या वनविभागाने इंदापूर-बारामती भागात कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. लोक पैसे देऊन लांडगा आणि चिंकारा बघायला येतात, म्हणजे माळाला 'काही नाही' याखेरीज दुसरं नाव मिळू लागलं आहे.

तुम्ही सोलापूर, बीड, बेळगाव, बिदर, निजामाबाद, कुठेही असाल, यंदा घट बसायच्या आधी एकदा जवळच्या माळावर जा. कानाच्या पाळीसारखी उपपर्णं शोधा. सापडला तर एका माळेपुरती फुलं घ्या, बाकीची भुंग्यांना ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, या झुडपाला तुम्ही काय म्हणायचात आणि त्याचं काय काय करायचात. साल कुटणाऱ्या घरांतही विचारा, फक्त माळ गुंफणाऱ्या घरांत नको.

आमच्या देवघरात आता एका काचेच्या बाटलीत तरवडाच्या वाळलेल्या शेंगा आहेत. पहिल्या माळेच्या दिवशी मी ती बाटली घटाशेजारी ठेवते आणि हलवते. खुळखुळ वाजते. माळ झेंडूचीच असते. पण आजीचा प्रश्न आता मी विचारते, आणि माझ्या मुलीला त्याचं दुसरं उत्तरही ठाऊक आहे.